वाटांची नावं विचारताना

नंदुरबार जिल्ह्याचा कोणताही छापील नकाशा उघडा. विसरवाडी–सेंधवा महामार्ग ठळक दिसतो, तापी दिसते, सातपुड्याची रांग दिसते. कळसाडीसारख्या गावातून मळ्याकडे, नाल्याकडे, शेजारच्या पाड्याकडे जाणाऱ्या वाटा मात्र सहसा दिसत नाहीत. दिसल्या तर बिननावाच्या. ऊस, केळी, पपई त्याच वाटांनी बाहेर पडते, मुलं त्याच वाटांनी शाळेत येतात आणि आजारी माणूस त्याच वाटांनी दवाखान्यात पोहोचतो. मी शिक्षक. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढून कळसाडी आणि शहादा–तळोदा पट्ट्यातल्या अशा वाटा ओपनस्ट्रीटमॅपवर नोंदवतो. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेला हा नकाशा कोणीही भरू शकतो, दुरुस्त करू शकतो आणि फुकट वापरू शकतो. आपल्याकडे खाजगी माणसाने नकाशा करावा की नाही, याची पूर्वी मोठी धास्ती असे. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी ती बरीच संपवली. भारतीय नागरिकाला आता त्यासाठी आधी परवानगी काढावी लागत नाही. नव्याने या कामाला लागणाऱ्यांसाठी माझे काही अनुभव सांगतो.

१. उपग्रहाच्या चित्रात पावसाळा नसतो

घरी बसून, संगणकावर उपग्रहाचं चित्र उघडून त्यावर रेघा ओढणं सोपं आहे. पण ही चित्रं निवडताना ढग नसलेले दिवस निवडतात. म्हणजे आपल्याकडचे हिवाळा-उन्हाळ्याचे. त्यात कोरडा नाला पांढऱ्या रस्त्यासारखा दिसतो आणि पाटचारीच्या कडेचा भराव गाडीवाटेसारखा. ऊसतोड चालू असताना ट्रॅक्टरने शेतातून पाडलेली चाकोरी पुढच्या लागवडीत नांगरली जाते, तरी चित्रात ती वर्षानुवर्षं रस्ता म्हणून राहते. अलीकडे यंत्राकडून रस्ते ओळखून घेण्याची पद्धत आली आहे आणि तिचा उपयोगही आहे. पण यंत्राला गोमाई नदीचं कोरडं पात्र आणि शिवरस्ता यांतला फरक गावचा माणूस सांगेपर्यंत कळत नाही. म्हणून चित्रावरून कच्ची यादी करावी, आणि जाऊन पाहिल्याशिवाय एकही रेघ पक्की करू नये.

एकदा जाऊनही भागत नाही. दिवाळीनंतर जा, आणि श्रावणात पुन्हा जा. काळ्या जमिनीतली गाडीवाट डिसेंबरात चांगली टणक असते आणि ऑगस्टात तिथे बैलगाडीचं चाक आसापर्यंत रुततं. ही एकच वाट आहे, पण नोंदी दोन लागतात.

२. नाव एकाला विचारून लिहू नये

एकच रस्ता कळसाडीहून निघताना पुढच्या गावाच्या नावाने ओळखला जातो आणि त्या गावाहून निघताना तो कळसाडीचा रस्ता होतो. यात कोणाचंच चुकत नाही. रस्ता जिकडे नेतो तिकडचं नाव घेणं ही जुनी रीत आहे. नकाशावर अशा वेळी दोन्ही गावांचा उल्लेख करता येतो, किंवा नावाची जागा रिकामी ठेवता येते. मला दुसरा मार्ग जास्त पटतो. ‘कळसाडी रस्ता’ हे पुष्कळदा नावापेक्षा दिशेचं सांगणं असतं, आणि दिशा तर नकाशात दिसतेच.

खरी नावं वेगळी असतात. म्हसोबाची वाट, वडाचा रस्ता, बर्डीवरची गाडीवाट. ती ऐकायची तर विचारण्याचीही एक पद्धत लागते. “या रस्त्याचं नाव काय?” असं विचारलं की माणूस गोंधळतो, आणि समोर शिकलेला मनुष्य उभा आहे म्हणून काहीतरी बरंसं नाव सांगून मोकळा होतो. त्यापेक्षा “आप्पा, तुमच्या मळ्यात यायचं तर कुठून वळू?” असं विचारावं. नाव आपोआप वाक्यात येतं. तेच एखाद्या गुराख्याला, निंदणीला निघालेल्या मावशींना, पोस्टमनला, आशाताईंना विचारावं. तिघा-चौघांच्या तोंडून, एकमेकांचं न ऐकता, तेच नाव आलं तर ते नाव. नाहीतर थांबावं.

सगळ्यात चांगली माहिती शाळेतल्या मुलांकडून मिळते. चौथी-पाचवीतल्या मुलांना कोरा कागद देऊन घर ते शाळा अशी वाट काढायला सांगा. मोठ्यांच्या लक्षातही न येणारी पाऊलवाट, कुंपणातली फट, ओलांडायचा नाला, कुत्रं असलेलं घर, सगळं त्यात येतं. कुत्रं नकाशावर घेता येत नाही, पण नाला घेता येतो.

३. नाव नसेल तर देऊ नये

आपण रेघ ओढली की तिला नाव द्यावंसं वाटतं. हा मोह कडकपणे टाळावा. नाव ठेवणं हा ग्रामसभेचा, त्या वाटेवरून चालणाऱ्यांचा अधिकार आहे. नकाशात आलेलं नाव मोबाइलवर दिसू लागतं, मग बाहेरून येणारा टेम्पोवाला तेच उच्चारतो, आणि काही वर्षांत कोणी न ठेवलेलं नाव गावाला चिकटतं. बिननावाचा रस्ता ही नकाशातली पूर्ण नोंदच आहे.

४. वस्तीचं नाव वस्तीत जाऊन विचारावं

मुख्य गावातल्या पारावर बसून पाड्यांची नावं लिहून घेणं ही या कामातली सर्वांत वाईट सवय. पारावरचा माणूस पाड्याला जे म्हणतो ते पाड्यातला माणूस स्वतःला म्हणेलच असं नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं त्यात सुचवली होती. कागदावर बदल झाला तरी बोलण्यात जुनं नाव चालू राहतं, आणि नकाशा करणारा ‘लोक असंच म्हणतात’ म्हणून तेच लिहितो. इथे मी ठाम आहे. ज्यांना उद्देशून ते नाव आहे त्यांनी नाकारलेलं नाव नकाशावर यायला नको, मग ते कितीही जुनं असो. ते लोक स्वतः अभिमानाने एखादं नाव सांगत असतील तर तेच लिहावं.

शहादा–तळोदा भागात हे आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ गावं आली. तिथली माणसं इकडे वसवली गेली, आणि रेवानगर, नर्मदानगर अशी नावं या सपाटीवर आली. नर्मदा डोंगरापलीकडे राहिली. तिचं नाव वसाहतीच्या पाटीवर आलं. या वसाहतींमधल्या गल्ल्यांना, चौकांना लोक पुष्कळदा मूळ गावातल्या फळ्यांची, पाड्यांची नावं देतात. ती नावं पावरीत किंवा भिलीत जशी म्हटली जातात तशी लिहावीत. आपल्या कानाला शुद्ध वाटावीत म्हणून त्यांना वळण देऊ नये. बुडालेल्या गावाच्या वाटा आता कोणी चालू शकत नाही. जिवंत राहिली आहेत ती ही नावंच.

५. सरकारी क्रमांक आणि लोकांचं नाव वेगळ्या रकान्यांत

आपल्याकडे रस्त्यांची उतरंड आहे: राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि शेवटी ग्रामीण मार्ग. प्रत्येकाला क्रमांक असतो. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाटीवर ५०० लोकवस्तीच्या आणि आदिवासी व डोंगरी भागात २५० लोकवस्तीच्या वाड्या जोडायचं ठरलं. त्या रस्त्यांच्या तोंडाशी पाटी असते, तिच्यावर ‘अमुक ते तमुक’ असं लिहिलेलं असतं. ते कामाचं नाव आहे. पाटीचा फोटो घ्या, क्रमांक क्रमांकाच्या जागी भरा, आणि लोकांच्या तोंडचं नाव नावाच्या जागी. देवनागरीतलं नाव भरायला विसरू नका. रोमन लिपीत ‘कळसाडी’चा ळ आणि ल एकच होऊन जातो, आणि बाहेरचा माणूस नाव चुकीचं वाचतो.

६. रेघेने हक्क मिळत नाही

वाटांच्या नोंदी करतो हे गावात कळलं की दोन प्रकारची माणसं भेटायला येतात. एक म्हणतं, “गुरुजी, आमच्या बांधावरून रस्ता दाखवा.” दुसरं म्हणतं, “दाखवलाय तो काढून टाका.” शेतरस्त्याचे वाद किती कडवट असतात हे खेड्यात राहिलेल्याला सांगायला नको, भाऊभाऊ त्यापायी वर्षानुवर्षं कोर्टात जातात. दोघांनाही मी एकच सांगतो. हा नकाशा पुरावा नाही. गावनकाशा भूमी अभिलेख खात्याकडे असतो, त्यात गाडीवाटा आणि पायवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. असलेला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. शेतात जायला वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. आम्ही फक्त जमिनीवर आज काय आहे ते नोंदवतो. फाटक असेल तर फाटक, काट्या टाकल्या असतील तर वाट बंद.

एवढं समजावून सांगितलं की बहुतेक माणसं शांत होतात, आणि काहींना आपल्यासाठी कायद्यात सोय आहे हे पहिल्यांदाच कळतं. दोन्ही कलमांची माहिती प्रत्येक नकाशा करणाऱ्याने पाठ ठेवावी. लोकांना रेघेपेक्षा तीच जास्त उपयोगी पडते. राज्याच्या महसूल विभागाने २०२५ मध्ये पाणंद आणि शेतरस्त्यांची मोजणी करून त्यांना क्रमांक देण्याची मोहीम हाती घेतली. ती गावोगाव नीट पार पडली तर पुढचे अनेक वाद मुळातच थांबतील. त्या कामात तलाठ्यांना मदत करा, पण त्यांचा क्रमांक आणि आपली नोंद एकमेकांत मिसळू नका.

७. गाडी कुठे थांबते ते लिहा

माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वांत मोलाची नोंद हीच. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते. फोन लागतो, गाडी निघते. पुढे काय? सातपुड्याच्या उतारावरच्या कित्येक पाड्यांपर्यंत गाडी जात नाही. बाळंतीण बांबूला बांधलेल्या झोळीतून खांद्यावर खाली आणावी लागते. नकाशात तिथे सरसकट एक पांढरी रेघ असेल तर चालक गाडी आत घालतो आणि वाटेत अडकतो. झोळी एका ठिकाणी वाट पाहते, गाडी दुसऱ्या.

म्हणून प्रत्येक वाटेला चार गोष्टी लावाव्यात. डांबर, खडी, मुरूम की माती? चारचाकी जाते, की फक्त ट्रॅक्टर, की फक्त पाय? नाल्यावर पूल आहे, मोरी आहे, की फरशी? आणि पाणी आलं की ती फरशी बुडते का? ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पायवाट, गाडीवाट आणि मोटारीचा रस्ता यांचे प्रकार वेगवेगळे आहेत. त्यांत मोठेपणा दाखवायला आपल्या गावची वाट वरच्या वर्गात टाकू नये. गावाला मोठा रस्ता हवा असेल तर तो मागावा. नकाशात तो आधीच काढून ठेवला तर मागणीच कमकुवत होते. उलट ‘येथून पुढे चारचाकी जात नाही’ अशी खरी नोंद घेऊन ग्रामपंचायत अर्ज करू शकते.

आशाताई, गावातले जीपवाले आणि दूधवाले यांना बुडणाऱ्या फरश्या तोंडपाठ असतात. त्यांच्याबरोबर तासभर बसलं तर उपग्रहाच्या महिनाभराच्या चित्रांत मिळणार नाही एवढी माहिती मिळते.

८. काही वाटा सोडून द्याव्यात

देवाच्या जागेकडे जाणारी वाट, जिथे बाहेरच्यांनी येऊ नये असं पाड्यातले लोक म्हणतात. औषधी झाडांच्या ठिकाणाकडे जाणारी. एखाद्या एकट्या घराकडे जाणारी. लोकांनी नको म्हटलं की विषय संपला. एकाच घराच्या आडनावाने ओळखली जाणारी खळ्याची वाटही नावानिशी टाकू नये.

९. कशावरून उतरवता ते तपासा

दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावं उतरवायची नाहीत. तो त्यांचा ठेवा आहे आणि ओपनस्ट्रीटमॅपचा नियमही तसाच आहे. गुगलने २००८ मध्ये मॅप मेकर सुरू केलं तेव्हा भारतातल्या असंख्य लोकांनी आपापली गावं त्यात भरली. २०१७ मध्ये ते बंद झालं. लोकांनी भरलेल्या नोंदी कंपनीच्या नकाशात राहिल्या. ओपनस्ट्रीटमॅपचा सगळा साठा २०१२ पासून खुल्या डेटाबेसच्या परवान्याखाली आहे, म्हणजे तो उद्या जिल्हा परिषदेला, शाळेला किंवा एखाद्या तरुणाच्या ॲपला तसाच उचलता येतो. स्वयंसेवेचे तास मी याच कारणाने इथे घालतो.

बाकी साधनांचं फार अवघड नाही. मोबाइलमध्ये जीपीएसची नोंद ठेवणारं, इंटरनेटशिवाय चालणारं एखादं ॲप, बॅटरीचा जोड, वही आणि पेन्सिल. वही हवीच, पावसात मोबाइल खिशात जातो, वही पिशवीत चालते.

हे वाचून कोणाला सुरुवात करायची असेल तर जिल्हा, तालुका असे मोठे बेत नकोत. आपण रोज चालतो ती एक वाट घ्या. तिचं नाव शेजारच्या तिघा-चौघांना विचारा, नाल्यावर फरशी आहे का ते पाहा, आणि चारचाकी कुठे थांबते ती जागा नोंदवा. कळसाडी परिसरातल्या, शहादा–तळोद्यातल्या शिक्षकांना, आशाताईंना आणि महाविद्यालयातल्या मुलामुलींना माझी विनंती आहे: पुढच्या पावसाळ्याआधी आपापल्या गावातल्या बुडणाऱ्या फरश्या तेवढ्या नकाशावर आणा.