घराचा हप्ता आणि घरातली संध्याकाळ



दिवाळीच्या आगेमागे प्रगतिपत्रक घ्यायला शाळेत येता, मुलाच्या गुणांचं बोलून होतं आणि तुमच्यापैकी एखादे आई-बाबा दाराशी थोडे रेंगाळतात. मग हळूच प्रश्न येतो, "मॅडम, तुम्ही गणित शिकवता म्हणून विचारतो. थोडे पैसे आलेत हाती. घराच्या कर्जात टाकावेत का?" कुणाचं सोयाबीन खामगावच्या बाजार समितीत नुकतंच विकलेलं असतं, कुणाला बोनस मिळालेला असतो, कुणाची महागाई भत्त्याची थकबाकी जमा झालेली असते. एवढ्या घाईत दाराशी उभ्याउभ्या पुरं उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर बोलते.

टाका. हे माझं पहिलं उत्तर. पण तो पैसा कुठून काढायचा, हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि माझं खरं बोलणं त्याबद्दलच आहे.

आधी हिशेब बघू. २० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, साडेआठ टक्के व्याज. हप्ता बसतो साधारण १७,३५६ रुपये. पहिल्याच महिन्याच्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल कमी होतं जेमतेम ३,१८९ रुपयांनी. वीस वर्षांत तुम्ही भरता साडेएकेचाळीस लाखांहून जास्त. घेतलं वीस, व्याजच साडेएकवीस लाखांच्या वर. बँक यात लबाडी करत नाही, व्याजाचं गणितच तसं आहे. सुरुवातीला मुद्दल मोठं असतं, म्हणून व्याजही मोठं असतं.

याच कारणाने सुरुवातीला जादा भरलेल्या रुपयाची ताकद फार मोठी असते. कर्जाला एक वर्ष झाल्यावर वरून एक लाख रुपये भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदतीतले तब्बल २६ महिने कमी होतात. तोच लाख पंधरा वर्षांनी भरला तर आठ-नऊ महिनेच वाचतात. दरवर्षी एक हप्ता जादा भरला, तर वीस वर्षांचं कर्ज साडेसोळा वर्षांच्या आसपास संपतं आणि चार लाखांहून जास्त व्याज वाचतं. तेव्हा लवकर फेडायची तुमची धडपड बरोबरच आहे. तिला चिंगूसपणा म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

ही धडपड इतकी वाढली कशामुळे, तेही मला दिसतं. २०२०-२१ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवर होता. तेव्हा पावणेसात टक्क्यांच्या आसपास गृहकर्ज मिळालं आणि आपल्या बुलडाणा जिल्ह्यातही कितीतरी जणांनी प्लॉटवर घर बांधून घेतलं. मे २०२२ पासून दर चढायला लागले आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो साडेसहावर गेला. बहुतेक बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली. अनेकांच्या घरात हप्ता जेमतेम व्याजालाच पुरू लागला. पन्नाशीत संपणारं कर्ज निवृत्तीच्या पलीकडे गेलेलं दिसलं, की कुणाचीही झोप उडेल. पुढे २०२५ मध्ये दर बरेच उतरले, पण त्या काळात मनात शिरलेली धास्ती काही उतरली नाही.

ती धास्ती मुलांपर्यंत पोहोचते. पाचवीतल्या एका मुलाने सहलीची चिठ्ठी माझ्यापुढे धरून विचारलं होतं, "मॅडम, लोणारच्या सहलीचे पैसे दहा तारखेनंतर दिले तर चालते का? पाच तारखेले घराचा हप्ता असते." मुलाला हप्त्याची तारीख माहीत असणं मला गैर वाटत नाही, उलट बरंच वाटतं. पण त्याने हे सांगितलं ते आवाज खाली करून, आजूबाजूला बघत. त्याला तारीख माहीत होती, पण कर्ज किती, फिटलं किती, राहिलं किती, यातलं काहीही माहीत नव्हतं. घराबद्दल त्याच्याकडे फक्त भीती पोहोचली होती.

आता मूळ मुद्द्यावर येते. कर्जाची पहिली आठ-दहा वर्षं सगळ्यात महत्त्वाची, हे आपण पाहिलं. बहुतेकांचं गृहकर्ज तिशी-पस्तिशीत सुरू होतं. म्हणजे नेमकी त्याच वर्षांत मुलं पहिली ते आठवीत असतात. जादा पैसा भरायचा तर आत्ता, आणि मुलांना आई-बाबा हवे असतात तेही आत्ताच. आठवीनंतर मूल मित्रांकडे वळतं, ते स्वाभाविकच आहे. या दोन गरजा एकमेकींच्या आड येतात, त्या आपल्याला मुद्दाम वेगळ्या कराव्या लागतात.

म्हणून माझा आग्रह एवढाच आहे, की जादा भरणा पैशातून करा, वेळातून करू नका. बोनस, थकबाकी, पगारवाढ, विकलेला माल, मोडलेली ठेव, हे सगळं कर्जात जाऊ द्या. पण कर्जासाठी रोज संध्याकाळी दुसरं काम धरणं, रविवारही विकून टाकणं आणि घरातल्या हौशीमौजी एकेक करून बंद करणं, याआधी फार विचार करा.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात काम करतात. ते भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. दर गुरुवारी मंडळ बसायचं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते, तरच त्याचा तो भरदार आवाज निघतो. ती कणीक भिजवण्याचं काम या मुलाकडे होतं. पाणी थोडं जास्त झालं तर थापेसरशी कणीक उडते, कमी झालं तर नाद बसका येतो, हे त्याने मला वर्गात इतकं बारकाईने समजावून सांगितलं होतं, की मी ऐकतच राहिले. घर घेतल्यावर वडिलांनी संध्याकाळी एका दुकानाचे हिशेब लिहायचं काम धरलं. पखवाजावर खोळ चढली. मुलाला ना गुरुवार उरला, ना कणीक. तो अभ्यासात मागे वगैरे पडला नाही, गुण तेवढेच राहिले. मात्र स्वतःहून काही सांगायला यायचा, ते थांबलं.

वडील भेटले तेव्हा त्यांनी मला हिशेबच दाखवला आणि तो चुकीचा नव्हता. मीही तुमच्यापासून लपवत नाही. महिन्याला फक्त पाचशे रुपये जादा भरले, तरी वरच्या कर्जाचे सोळा-सतरा महिने कमी होतात. म्हणजे छंदाच्या क्लासची फी, दिवाळी अंक, वर्षातली एक सहल हे सगळं कापून खरोखरच कर्ज लवकर फिटतं. त्यामुळे 'एवढ्याशा पैशाने काय होतं' असं मी कधीच म्हणणार नाही. मी म्हणते, तेच महिने दुसऱ्या वाटेने वाचवता येतात का, ते आधी बघा.

वाट अशी. दरवर्षी पगार वाढतो. सरकारी नोकरीत तीन टक्के वार्षिक वेतनवाढ असते, शिवाय महागाई भत्ता वाढतो. खासगीत कमी-जास्त का होईना, काहीतरी वाढतंच. त्या वाढीच्या प्रमाणात हप्ताही दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवून घ्या. पहिल्या वर्षी १७,३५६, दुसऱ्या वर्षी १८,२२४, असं. नुसत्या एवढ्याने वीस वर्षांचं कर्ज बारा-सव्वाबारा वर्षांत संपतं. आज जगता त्यातलं काही कापावं लागत नाही, फक्त वाढलेला पैसा खर्चात विरघळू द्यायचा नाही. नवी गाडी चार वर्षं पुढे ढकला, लग्नकार्यातला मानपान आवरा, मोबाइल बदलायची घाई नको. ही काटकसर मुलांना सलत नाही. सलतं ते बाबा घरी नसणं, आणि आईने आपली आवडती गोष्ट सोडून दिलेली बघणं.

त्या पखवाजवाल्या बाबांनी बँकेत जाऊन हप्ता वाढवून घेतला. हिशेबाचं काम त्यांनी सोडलेलं नाही, फक्त गुरुवार मोकळा ठेवला आहे. मला तेवढंही पुष्कळ वाटतं.

छंद महागडेच हवेत असंही नाही. गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना खामगावला मुक्कामी असते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत हजारो माणसं शेगावपर्यंत पायी जातात. वर्षातून एक दिवस मुलांना घेऊन ते अंतर चाला. बुलडाण्याकडचे असाल तर पावसाळ्यात राजूर घाटात जा, ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूला पाखरं बघा. आई शिवणकामात रमते, बाबा कबड्डीच्या मैदानावर उभे राहतात, हे मुलांनी बघितलं पाहिजे. मोठं झाल्यावर कमावणं आणि फेडणं याखेरीज माणूस आणखी काय करतो, हे त्यांना दुसरीकडे कुठे शिकायला मिळणार?

शेतीवर घर चालणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं. सोयाबीन-कपाशीचा पैसा एकदम येतो आणि तो सगळा कर्जात ओतावासा वाटतो. आधी पीक कर्ज मुदतीत फेडा. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेवर फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे त्याचं व्याज शून्यावर येतं. मुदत हुकली की तो लाभ गेला. मग जूनच्या बी-बियाण्याचे, खताचे पैसे बाजूला काढा. सोनं गहाण असेल किंवा वैयक्तिक कर्ज असेल, तर ते फेडा, कारण त्यांचं व्याज सहसा घरापेक्षा चढं असतं. दुखण्याखुपण्याला अकोला नाहीतर संभाजीनगर गाठावं लागतं, तेव्हा चार-सहा महिन्यांचा खर्च हाताशी हवाच. इतकं करून उरेल ते घराच्या कर्जात.

आणखी एक. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून बँकेला दंड लावता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच ते बंद केलं आहे. पण आपला जिल्हा पतसंस्थांचा. बुलडाणा अर्बन १९८६ मध्ये इथेच सुरू झाली आणि पतसंस्थेतून कर्ज काढायची सवय आपल्याला घरोघर आहे. पतसंस्था सहकार कायद्याखाली चालतात, बँकांसाठीचे नियम त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. तिथून कर्ज घेतलं असेल तर मुदतपूर्व फेडीबद्दल करारपत्रात काय लिहिलंय, ते भरण्याआधी वाचून घ्या.

कर वाचतो म्हणून कर्ज राहू द्या, असा सल्ला नात्यात कुणीतरी देतंच. नव्या करप्रणालीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. जुनीत दोन लाखांपर्यंत मिळते, पण तिथेही शंभर रुपये व्याज भरून फार तर तीस-एकतीस रुपयेच वाचतात.

आता मी 'थांबा' कधी म्हणते, ते सांगते. मूल नववी-दहावीत पोहोचलं असेल, तर जादा भरणा थांबवा. अकरावी-बारावीला नीटच्या क्लाससाठी आपली मुलं अकोल्याला जातात, काही लातूरला, काही पार कोट्याला. फी, खोली, मेस असा दोन वर्षांचा खर्च अंगावर येतो. कर्जात भरलेले पैसे सहजासहजी परत मिळत नाहीत आणि मग चढ्या व्याजाचं दुसरं कर्ज काढावं लागतं. ते दोन-तीन वर्षांचे पैसे ठेवीतच ठेवा. काही बँका ओव्हरड्राफ्ट जोडलेलं गृहकर्ज देतात. त्यात ठेवलेल्या रकमेवरचं व्याज वाचतं आणि गरजेला पैसे काढताही येतात. कर्ज अजून घ्यायचं असेल, तर त्याची चौकशी नक्की करा.

आणि मुलांना सांगा. पाचवी-सहावीच्या मुलाला टक्केवारी येते, सरळव्याज थोड्याच दिवसांत येतं. वर्षातून एकदा बँकेतून कर्जाचा उतारा आणा आणि त्याच्यासोबत बसून वाचा. यंदा व्याज किती गेलं, मुद्दल किती घटलं, हे त्यालाच बोट ठेवून शोधू द्या. आकडा माहीत असलेलं मूल घाबरत नाही, प्रश्न विचारतं. 'आपल्याला परवडत नाही' एवढंच ऐकत वाढलेलं मूल मात्र हवं ते मागायचंही सोडून देतं. वर्गात असं मूल मला लगेच ओळखू येतं.

जादा रक्कम भराल तेव्हा शाखेत लेखी अर्ज द्या, 'हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असं त्यात स्पष्ट लिहा आणि शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. काही ठिकाणी न सांगता हप्ताच कमी करून देतात आणि मग वाचणारे महिने हातचे जातात. कर्ज पूर्ण फिटलं की बेबाकी दाखला मागा. घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांच्या आत परत देणं डिसेंबर २०२३ पासून बँकांना बंधनकारक आहे. बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. त्यानंतर सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर चढवलेला बोजा कमी करून घ्या. हे काम पुष्कळजण विसरतात आणि घर विकताना किंवा वारसनोंदीच्या वेळी अडतात. बोजा कमी करायला जाल त्या दिवशी मुलाची शाळा बुडली तरी चालेल, त्याला सोबत न्या. रजेच्या अर्जात कारण खरं लिहा, मी सही करीन.