‘आधी डोनर आणा’

केमोच्या पुढच्या डोसाआधी आईचं एचबी 6.4 निघालं. डॉक्टर म्हणाले, आधी रक्त चढवू, मग डोस. तिच्या गटाची पिशवी नाशिकच्या रक्तपेढीत शिल्लक होती. खिडकीतल्या माणसाने स्वतःच तसं सांगितलं. आणि वर म्हणाला, “आधी डोनर आणा, मग पिशवी.”

फेब्रुवारीत निफाडहून माणूस आणायचा म्हणजे काय, हे त्याला कोण सांगणार! द्राक्षाची काढणी ऐन भरात, व्यापाऱ्याची गाडी बागेत उभी. तरी चुलतभाऊ सगळं टाकून आला. शिबिरात रक्त दिल्याला तीन महिने झाले नव्हते, म्हणून त्याला परत पाठवलं. भाच्याचं एचबी साडेबाराच्या खाली निघालं. तिकडे आई बसल्या जागी धापा टाकतेय, ओठ पांढरेफटक. मी हात जोडले, तर खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, “सगळे हेच सांगतात.”

मागे थॅलेसेमियाच्या मुलाचे वडील उभे होते. ते हळूच म्हणाले, “भाऊ, लेखी मागा.” मी कोरा कागद खिडकीतून आत सरकवला. ‘डोनरशिवाय पिशवी देणार नाही’ एवढं लिहून सही-शिक्का द्या, म्हटलं. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. उठून आत गेला, आणि थोड्याच वेळात क्रॉसमॅचला आईचं सॅम्पल मागितलं. म्हणजे अडलं कुठेच नव्हतं!

बदली रक्तदात्याची पद्धत बंद करायची, हे 2002 च्या राष्ट्रीय रक्त धोरणातच आहे. रक्ताची किंमत लावता येत नाही, फक्त प्रक्रियाशुल्क घेता येतं. पावती सोडू नका. निघण्याआधी ई-रक्तकोष या संकेतस्थळावर साठा पाहा आणि फोन करून खात्री करा.

“माझंच रक्त आईला द्या” असा हट्ट धरू नका. रक्ताच्या नात्यातल्या माणसाच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात. क्वचित घडतं, पण जिवावर बेततं. असं रक्त द्यायचंच तर त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते.

पिशवीवरचं नाव, गट, नंबर सिस्टरबरोबर स्वतः वाचा. पहिली पंधरा मिनिटं खाटेपासून हलू नका. थंडी वाजली, कंबर दुखली, धाप लागली, की लगेच हाक मारा. एक पिशवी चार तासांत संपायला हवी. तिने एचबी साधारण एकाने वाढतं, त्यामुळे एका पिशवीत सगळा थकवा जाईल असं धरून चालू नका. रुग्णाला धीर द्या, खाणंपिणं सांभाळा.

रक्तपेढीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. मी केली आहे, तारीख-वेळेसकट.