मेंदीच्या कुंपणाला खत: मृगात किती, पोळ्यानंतर किती

मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाले की जालना जिल्ह्यात जो तो सरकी, सोयाबीन आणि मोसंबीच्या मागे असतो. घराभोवतीचं किंवा बागेच्या बांधावरचं मेंदीचं, कोयनेलचं कुंपण कुणाच्या हिशेबात नसतं. त्याची आठवण होते ती ते पिवळं पडल्यावर किंवा खालून उघडं होऊन शेळ्या आत शिरू लागल्यावर, आणि मग उपाय म्हणून ओंजळभर युरिया बुंध्याशी फेकला जातो. कुंपणाला खत लागतं हे खरं. पण ते वर्षातून दोनदा, थोडं, आणि दोन्ही वेळा जमिनीत ओल असतानाच.

बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत प्रिव्हेट नावाच्या झुडपाच्या कुंपणाला मार्चच्या सुमारास खत द्या, असं सांगितलेलं असतं. थंड मुलखात ते बरोबर आहे, कारण तिकडे तेव्हा पालवी फुटायला लागते. आपल्याकडे मार्चमध्ये विहिरींनी तळ गाठायला सुरुवात केलेली असते. जिल्ह्यात पाऊस साधारण 600 ते 700 मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उन्हाळ्याच्या तोंडावर नत्र दिलं तर आलेली कोवळी फूट एप्रिल-मेच्या उन्हात करपते, आणि कोरड्या मातीत खत पडलं तर मुळंही भाजतात. म्हणून फेब्रुवारी ते मे कुंपणाला रासायनिक खत नकोच. पाणी असेल तर आठ-पंधरा दिवसांनी एकदा द्या, बुडाशी पाचटाचं किंवा काडीकचऱ्याचं आच्छादन घाला, तेवढं पुरे.

पहिला हप्ता छाटणीनंतर. पावसाने वीतभर खोल ओल झाली की धारदार कात्रीने छाटा, आणि छाटताना कुंपण खाली रुंद, वर थोडं निमुळतं ठेवा. वरून छत्रीसारखं पसरलेलं कुंपण खालच्या फांद्यांना ऊन लागू देत नाही आणि बुडापासून उघडं पडतं. ते खताने भरून येत नाही. असं जुनं, लाकूड झालेलं कुंपण याच दिवसांत जमिनीपासून फूटभरावर छाटून टाका. दिसायला वाईट दिसेल, पण पावसाच्या ओलीवर मेंदी बुडातून पुन्हा फुटते.

छाटणीनंतर वापसा आला की दोन्ही बाजूंना, खोडापासून वीतभर लांब, तीन-चार बोटं खोल चारी काढा. चालत्या मीटरला 3 ते 4 किलो चांगलं कुजलेलं शेणखत, 100 ग्रॅम निंबोळी पेंड आणि 50 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट चारीत घालून माती ओढा. अर्धवट कुजलेलं उकिरड्यावरचं खत उचलू नका. त्यातून हुमणी येते, मग नुकसान कुंपणावर थांबत नाही. नवी फूट दिसू लागली की मीटरला 20 ग्रॅम युरिया. म्हणजे 100 मीटर कुंपणाला 2 किलो झाला. पहिल्या वर्षाच्या रोपांना याच्या निम्मा पुरतो. आपल्या काळ्या जमिनीत पालाश बहुधा पुरेसं असतं, तेव्हा माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय पोटॅशवर पैसे घालवू नका.

दुसरा हप्ता पोळ्यानंतर, सप्टेंबरमध्ये: हलकी छाटणी आणि मीटरला 15 ग्रॅम युरिया, तोही ओल असेल तरच. पावसाने खंड दिला असेल तर हा हप्ता सोडून द्या. मेंदी मूळची कोरड्या मुलखातली, तिचं काही बिघडत नाही.

पिवळेपणाचं मात्र नीट पाहायला हवं, कारण इथेच युरिया सगळ्यात जास्त वाया जातो. जुनी, खालची पानं सारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या असतील तर ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या जमिनीत ती नेहमी दिसते आणि युरिया ओतून जात नाही. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 10 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून संध्याकाळी फवारा. आधी चार फांद्यांवर मारून दोन दिवस पाहा, गरज वाटल्यास पंधरा दिवसांनी पुन्हा घ्या. झडीच्या दिवसांत चारीत पाणी तुंबूनही कुंपण पिवळं पडतं. तिथे खत नाही, पाण्याला वाट करून द्यायची.

मोसंबीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. शोभेसाठी बागेच्या कडेने कामिनी किंवा कढीपत्त्याचं कुंपण लावण्याचा मोह टाळा. ही दोन्ही झाडं लिंबूवर्गातल्याच कुळातली. ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड त्यांच्यावर पोसली जाते आणि अंडी घालते ती कोवळ्या फुटीवर. अशा कुंपणाला युरिया देणं म्हणजे किडीला पाळणा बांधून देणं. आधीच लावलेलं असेल तर त्याचं खत बंद करा, नवी फूट तपासत राहा, कीड दिसली तर बागेबरोबर त्यावरही फवारणी घ्या. जमल्यास ते काढून मेंदी किंवा कोयनेल लावा: दोन ओळी, रोपांत फूटभर अंतर. कोयनेलच्या कडू पानांना शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. बांधावरच्या कुंपणाची बागेकडची चारी मात्र काढू नका, तिथे मोसंबीची मुळं आलेली असतात. खत बाहेरच्याच अंगाने द्या.

मातीचा नमुना अजून दिला नसेल तर पेरणीच्या गडबडीआधी तेवढं उरका. शंका असेल तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, आणि जाताना पिवळी फांदी सोबत न्या.