कारागिराचा हात आणि अपघाताची भरपाई



आमच्या कापडबाजारात एक रफूगर चाचा बसतात. दोन वर्षांपूर्वी घरी जाताना त्यांना एका मोटारीचा धक्का लागला आणि ते हातावर पडले. मोटारवाला वागायला भला होता. त्याने उचलून बसवले, पाणी दिले, दोन हजार रुपये हातात ठेवले आणि "माझी काही तक्रार नाही" अशा चिठ्ठीवर सही घेतली. मी तिथेच होतो. मिटले ते बरे झाले, असे मीच म्हणालो. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तर उजव्या हाताची दोन बोटे मोडलेली. दोन महिने सुई धरता आली नाही. एक बोट आजही पुरते वाकत नाही. मोटारीचा नंबर मात्र कोणीच लिहून घेतला नव्हता.

ही चूक माझ्या मनाला लागली, म्हणून वकिलांकडे बसून कायदा समजून घेतला.

पहिली गोष्ट अशी की प्रत्येक मोटारीला तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे. विमा चालू असेल तर भरपाई सामान्यतः विमा कंपनी देते. तेव्हा गाडीवाल्याला कशाला त्रास, हा संकोच नको. गाडीचा नंबर घ्यावा, पोलिसांत नोंद करावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन केसपेपरवर 'मोटारीची धडक' असे लिहून घ्यावे. किरकोळ वाटले तरीही. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे, मग ते बोटाचे का असेना.

आता हिशेब. औषधोपचार, जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली कमाई, सोसलेल्या वेदना आणि अपंगत्व राहिले तर पुढे घटणारी कमाई, हे सर्व मागता येते. शेवटची बाब कारागिरासाठी सर्वांत मोठी आहे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की डॉक्टरने लिहिलेले अपंगत्वाचे टक्के म्हणजे कमाईतील घट नव्हे. माणसाचा धंदा पाहावा लागतो. डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सारी कमाई जाते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. रफूगर, शिंपी, यंत्रमागावरचा जॉबर यांच्या बोटाचेही तसेच. पण कमाई दाखवायची कशी? आपल्याकडे पगाराची पावती नसते. म्हणून कामाची वही, बिलबुक, बँकेचे पासबुक आणि काम देणाऱ्या व्यापाऱ्याचे पत्र जपावे. असे पत्र द्यायला आपण व्यापारी का कचरतो, मला कळत नाही. आकडा मात्र खरा लिहावा. एका फुगवलेल्या बिलाने खरी बिलेही संशयात येतात.

मागण्याचे रस्ते दोन आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या मोटार वाहन कायद्यात, कलम १६४ प्रमाणे, चूक कोणाची हे सिद्ध न करता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळू शकतात. कलम १६६ प्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात गाडीवाल्याची चूक दाखवून पूर्ण नुकसान मागता येते. पहिली रक्कम स्वीकारली की दुसरा दावा संपतो, म्हणून बोट पुढे कसे राहील हे डॉक्टरांकडून कळेपर्यंत घाईने सही करू नये. दुखापत गंभीर नसेल, नुसता मुका मार असेल, तर दुसराच रस्ता उरतो.

अर्ज आपण राहतो किंवा धंदा करतो त्या भागातील न्यायाधिकरणातही चालतो. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. वादात न पडता ती पाळावी. कंपनीने तडजोडीची रक्कम देऊ केली तर ती न्यायाधिकरणासमोर नोंदवून घ्यावी. लोकअदालतीत मिटवले तर त्यावर अपील नाही, हे सहीपूर्वी लक्षात असू द्यावे.

दवाखान्याच्या दारात टक्केवारीवर केस मागणारे दलाल भेटतात. त्यांना कागद देऊ नयेत. वकिलालाही भरपाईतील हिस्सा फी म्हणून ठरवता येत नाही. पैशाची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करावा.