फ्लॉवर शो संपल्यावर

दर जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तुम्ही मुलांना घेऊन जाता, आणि जावंच. बोन्साय असतात, इकेबाना असतं, निगुतीने वाढवलेल्या कुंड्या असतात, मुलांसाठी चित्रकला स्पर्धा असते. गर्दी मात्र एवढी, की पाच वर्षांच्या पोराला फुलांपेक्षा मोठ्यांचे गुडघेच जास्त दिसतात. मग फोटो, भेळ, एखादं गुलाबाचं रोप, आणि वर्षभरासाठी बाग ‘झाली’.

तुमच्याशी बोलायचंय ते या ‘झाली’बद्दल. मंडपातलं बरंचसं कुठून तरी आणलेलं असतं आणि मंडप उतरला की परत जातं. बागेचं स्वतःचं जे आहे ते मंडपाबाहेर उभं असतं, आणि त्याचे कार्यक्रम पत्रिका न छापता बारा महिने चालू असतात.

सुमारे ३९ एकरांची ही जागा नावालाच गार्डन. पूर्वी तिला सोल्जर्स गार्डन म्हणत, ती लष्करातल्या गोऱ्या शिपायांच्या विरंगुळ्यासाठी होती म्हणून. पुढे व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली आणि बागेलाही बढती मिळाली. आज अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही संस्था ती सांभाळते. आत जुने, उंचच उंच वृक्ष, त्यांवर चढलेल्या मांडीएवढ्या जाड वेली आणि मधून वाहणारा ओढा. रेसकोर्सच्या शेजारी असं काही असेल यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही.

प्रदर्शन संपलं की महिन्याभराने पुन्हा जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे जे चालतं ते मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांत सहसा नसतं. त्या पुस्तकांत ऑक्टोबरला पानं पिवळी होतात, मग बर्फ पडतं, मग वसंत येतो. आपल्याकडे पानगळ आणि पालवी एकाच वेळी, एकाच रस्त्यावर चालू असतात. एक झाड पार उघडं, तर शेजारचा पिंपळ तांबूस, चकचकीत, नवा कोरा. कुसुंब तर असा लालभडक होतो की लांबून तो फुललाय असंच वाटतं, पण ती पानं असतात. कोवळ्या पानातलं हे लाल रंगद्रव्य त्याला कडक उन्हापासून वाचवत असावं, असं मानलं जातं. आणि खरी गंमत पुढेच आहे. पाऊस अजून तीन महिने लांब, जमीन तापलेली, आणि नेमकी तेव्हाच ही झाडं नवी पानं काढतात. म्हणजे जूनमध्ये पहिला पाऊस पडेल तेव्हा पानं तयार असतात. मुलांना ‘का?’ विचारायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. उत्तर मात्र लगेच देऊ नका, त्यांना काहीही तर्क लढवू द्या.

याच दिवसांत काटेसावरीवर एकही पान नसतं आणि मांसल लाल फुलं लगडलेली असतात. कावळे, साळुंक्या, बुलबुल, खारी, सगळ्यांची तिथे पंगत. झाडाखाली पडलेलं जड फूल मुलाच्या हातात द्या. एप्रिल-मेमध्ये त्याच झाडाचा कापूस उडतो. फूल आणि कापूस एकाच झाडाचे, हे ज्याने दोन्ही वेळा बघितलं त्याला शिकवावं लागत नाही. म्हणूनच सांगते, एक झाड निवडा आणि वर्षभर त्यालाच भेटा. ते बागेतलंच हवं असंही नाही, सोसायटीच्या दारातलं चालेल.

उंबर दिसला तर खाली पडलेलं एक फळ फोडून दाखवा. फुलं आत असतात, आणि कधी कधी बारीक किडेही. ते पाहून काही मुलं किंचाळतील, काही दुसरं फळ फोडायला मागतील. दोन्ही ठीक. पावसाळ्यात कुजक्या ओंडक्यांवर अळंबी उगवतात. त्या बघायच्या, तोंडात घालायच्या नाहीत, एवढा एक नियम पक्का ठेवा. केसाळ सुरवंटालाही हात नाही. दिवाळीच्या सुमारास बुचाच्या फुलांचा सडा पडू लागतो. त्या लांब देठाच्या पांढऱ्या फुलांच्या दोऱ्याशिवाय वेण्या घालता येतात आणि पिपाणीही वाजवता येते. तुम्हाला येत नसेल तर आजीला बरोबर न्या. तिला येत असेल.

आता थोडं कडू बोलते. बागेत गेल्यावर आपण पालक फार बोलतो. याचं नाव सांग, इंग्रजीत काय म्हणतात, स्पेलिंग काय? मूल मुंग्यांच्या रांगेपाशी उकिडवं बसलेलं असतं आणि आपण त्याचा हात ओढतो, कारण ‘अजून पुढचं बघायचंय’. पुढचं राहू द्या. चाळीस मिनिटं एका जागी गेली तर ती वाया गेली नाहीत. नावं कळायची तेव्हा कळतील. बऱ्याच झाडांची आपल्याला तरी कुठे माहीत असतात? चित्रकला स्पर्धेतही हेच दिसतं. भल्यामोठ्या वडाखाली बसून मुलं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि चार आकड्यांसारखे पक्षी काढतात. दोष त्यांचा नाही. वर बघायला त्यांना वेळच दिलेला नसतो.

शक्यतो सुट्टीचा दिवस टाळा, सकाळी लवकर जा. मळले तरी चालतील असे कपडे घाला, पूर्ण बाह्यांचे, कारण ओढ्याकाठचे डास मोठ्या मनाचे नाहीत. फोन एकाच्याच खिशात असू द्या. पुण्याबाहेर असाल तर मुंबईकरांना भायखळ्याची राणीची बाग आहे. १८६२ साली ती लोकांसाठी उघडली. हल्ली मुलं तिथे पेंग्विनसाठी धावतात. धावू द्या, पण परतताना वाटेतल्या एखाद्या गोरखचिंचेच्या बुंध्याला त्यांना मिठी मारायला सांगा. हात पुरणार नाहीत, मग किती जण लागतील हे त्यांचं त्यांना ठरवू द्या, आणि कमी पडले तर तुम्हीही हात जोडा.