पुरा एक कॅरट

चि. केदार,


साखरपुड्याच्या अंगठीत हिरा ‘पुरा एक कॅरटचाच’ हवा म्हणून तू हटून बसलायस, असं ताईकडून कळलं. दुकानात जाण्याआधी एवढं वाच.

कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्याचे सेंट 100. (सोन्याचा 22 कॅरट शुद्धतेचा, तो इथे आणू नकोस.) मोठा खडा विरळा, म्हणून हिऱ्याचं वजन वाढलं की कॅरटमागचा भावही वाढतो, आणि तोही पायरीपायरीनं. अर्धा कॅरट ही एक पायरी, नव्वद सेंट दुसरी, पुरा कॅरट त्याहून उंच. समज, बाकी सगळं सारखं असताना 95 सेंटच्या हिऱ्याला कॅरटमागे 3 लाखांचा भाव आहे आणि पुऱ्या कॅरटला 3 लाख 60 हजारांचा. पहिला पडेल 2 लाख 85 हजारांना, दुसरा 3 लाख 60 हजारांना. पाऊण लाख कशाचे? दहा मिलिग्रॅमचे!

मी मुंबईत ऑपेरा हाऊसच्या हिरेबाजारात नोकरीला लागलो तेव्हा शेठनी माझ्यापुढे दोन पुड्या उघडल्या होत्या. ‘यातला एक कॅरटचा कुठला?’ मी चिमट्यानं झगझगीत खडा उचलला. तो निघाला 92 सेंटचा. दुसरा 1.01. गेज लावलं तर दोन्हींचा व्यास 6.2 मिलिमीटर! घडवणाऱ्यानं आकडा सुटू नये म्हणून दुसऱ्याची कंबर जाड आणि पोट खोल ठेवलं होतं. ते वजन कोंदणात बुडतं. दिसत नाही, पण पैसे त्याचेही मोजावे लागतात. मला तरी ही निव्वळ लबाडी वाटते, बाजार तिला हिशेब म्हणतो. उलट 1852 साली लंडनमध्ये कोहिनूरला नव्यानं पैलू पाडले, तेव्हा तेजासाठी आजच्या मापानं 191 कॅरटचा तो 105.6 वर आणला होता.

‘एकूण एक कॅरट’ असं लिहिलेल्या अंगठीलाही भुलू नकोस. पंचवीस सेंटचे चार खडे मिळून कॅरट भरतो, पण किंमत एकट्या खड्याच्या जवळपासही जात नाही.

माझं ऐकशील तर नव्वदच्या वरचा, उत्तम पैलूंचा घे. प्रमाणपत्रावर वजनाशेजारी व्यास छापलेला असतो, तो आधी बघ. आणि बिलात हिऱ्याचं वजन दोन दशांशांपर्यंत, सोन्यापासून वेगळं लिहून घे.

तुझा,
मामा