शटर जड का झाले?

सकाळी आठ-नऊच्या सुमारास भंडाऱ्याच्या बाजारातून एक फेरी मारा. पितळी भांड्यांची, किराणा मालाची, औषधांची, कापडाची दुकाने एकामागून एक उघडत असतात. दुकानदार खाली वाकतो, कुलूप काढतो, कडीला धरून जरा जोर लावतो आणि लोखंडी शटर खडखडत वर जाते. हे दृश्य इतके रोजचे आहे, की त्यात काही नवल आहे असे कोणालाच वाटत नाही. पण नवल आहे! ते काय, हे पाहण्यासाठी थोडे गणित करू.

शटरचे वजन किती?

दुकानाचे शटर ३ मीटर रुंद व २.४ मीटर उंच आहे असे धरा. त्याचे क्षेत्रफळ ७.२ चौरस मीटर झाले. १ मिलिमीटर जाडीच्या १ चौरस मीटर पोलादी पत्र्याचे वस्तुमान सुमारे ७.८५ किलोग्रॅम असते. शटरच्या पट्ट्यांच्या कडा एकमेकींत अडकवण्यासाठी वळवलेल्या असतात, म्हणून पत्रा अधिक लागतो. तेव्हा दर चौरस मीटरला १० किलोग्रॅम धरायला हरकत नाही. म्हणजे शटरचे वस्तुमान ७२ किलोग्रॅम आणि वजन ७२ × ९.८ = सुमारे ७०६ न्यूटन झाले.

धष्टपुष्ट माणसाएवढे हे वजन दुकानदार रोज एका हाताने वर ढकलतो. मग उरलेला जोर कोण लावते?

वर लपलेला मदतनीस

शटर वर ज्या डब्यात गुंडाळले जाते, त्यात एक आडवा पाइप असतो. तो दोन्ही टोकांना ब्रॅकेटमध्ये घट्ट आवळलेला असतो. तो फिरत नाही. त्या पाइपावर चाके असतात व ती फिरतात. शटरची सर्वांत वरची पट्टी या चाकांना जोडलेली असते. पाइप व चाके यांच्यामध्ये पोलादी स्प्रिंगा बसवलेल्या असतात. प्रत्येक स्प्रिंगचे एक टोक पाइपाला व दुसरे चाकाला अडकवलेले असते.

शटर खाली ओढले की चाके फिरतात आणि स्प्रिंगांना पीळ बसतो. शटर वर जाताना तो पीळ सुटत जातो आणि स्प्रिंगा चाके उलट फिरवून शटर वर ओढतात. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने स्प्रिंगांविषयीचा आपला नियम १६७८ साली प्रसिद्ध केला. त्या नियमानुसार पीळ जितका अधिक, तितके स्प्रिंगचे परिबल अधिक. (परिबल म्हणजे बल गुणिले अक्षापासूनचे अंतर.)

येथे एक सुंदर जुळणी आहे. शटर पूर्ण खाली असताना सर्व वजन लोंबत असते, आणि त्याच वेळी स्प्रिंगांना सर्वांत जास्त पीळ असतो. शटर वर जाऊ लागले की लोंबणारा भाग कमी होतो आणि पीळही कमी होतो. दोन्ही बरोबरीने उतरत असल्यामुळे तोल जवळजवळ सर्वत्र राखला जातो. दुकानदाराला फक्त घर्षणावर मात करावी लागते.

ही युक्ती आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत घरोघरी मोटारगाडीच्या गॅरेजला मोठे दार असते, तेही स्प्रिंगांच्या बळावरच हलके होते. आपल्या भागात गाडी बहुधा अंगणात उभी राहते. पण दुकाने, दवाखाने, तुमसरकडची तांदळाची गोदामे यांना शटरे असतातच. धातूच्या अशा शटरांसाठी १९७९ सालचे भारतीय मानक ६२४८ आहे.

साठलेली ऊर्जा

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. शटर पूर्ण गुंडाळले जाते तेव्हा खालची पट्टी २.४ मीटर वर जाते, वरची जवळजवळ जागीच राहते. म्हणजे सरासरी चढ १.२ मीटर.

स्थितिज ऊर्जा = ७०६ × १.२ = सुमारे ८५० ज्यूल.

शटर वर असते तेव्हा ही ऊर्जा शटरमध्ये असते. शटर खाली आणले की ती नाहीशी होत नाही, स्प्रिंगांमध्ये जाऊन बसते. ८५० ज्यूल म्हणजे किती? १० किलोग्रॅमचा दगड साडेआठ मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ तीन मजल्यांवरून, खाली पडला तर जमिनीवर आदळताना त्याच्याजवळ एवढी ऊर्जा असते. बंद दुकानाच्या शांत दिसणाऱ्या शटरच्या डब्यात ती रात्रभर दबा धरून बसलेली असते. ही गोष्ट पुढील हकीकत वाचताना ध्यानात ठेवा.

एका दुकानातील प्रयोग

आमच्या महाविद्यालयातला एक विद्यार्थी सकाळी वडिलांच्या दुकानात मदत करतो. एके दिवशी तो म्हणाला, "सर, आमच्या दुकानाचं शटर फारच जड जाऊन राह्यलं. पाइपाचा नट ढिला करून स्प्रिंग आवळून टाकू का?"

मी म्हटले, "नटाला हात लावू नकोस. आधी ते कशाने जड झालं ते पाहू."

शटर जड होण्याची मुख्य कारणे दोनच. एक तर घर्षण वाढले असेल, किंवा स्प्रिंगांचा जोर कमी पडला असेल. हाताला दोन्ही सारखीच जाणवतात. ती वेगळी कशी करायची?

घर्षण नेहमी गतीच्या विरुद्ध असते. शटर वर नेताना ते खाली ओढते, खाली आणताना वर ओढते. स्प्रिंगांनी न तोललेले वजन मात्र नेहमी खालीच ओढते. हाच फरक आपल्या कामाचा.

न तोललेले वजन 'व' आणि घर्षण 'घ' मानू. शटर सावकाश वर नेण्यास लागणारे बल = व + घ. सावकाश खाली ओढण्यास लागणारे बल = घ − व. या दोन बलांची बेरीज करून निम्मी केली की घर्षण मिळते. वजाबाकी करून निम्मी केली की न तोललेले वजन मिळते.

त्या दुकानात मी व मुलाचे वडील, दोघांनी मिळून हे मोजले. शटर अर्ध्यावर ठेवून खाली भक्कम लाकडी टेकू दिला आणि कडीत तानकाटा अडकवला. वर ओढायला साडेपंचवीस किलो, म्हणजे २५० न्यूटन लागले. खाली ओढायला एक किलो, म्हणजे सुमारे १० न्यूटन.

घर्षण = (२५० + १०) ÷ २ = १३० न्यूटन
न तोललेले वजन = (२५० − १०) ÷ २ = १२० न्यूटन

म्हणजे दोष दोन्हीकडे होता. आधी घर्षणाकडे वळलो. दोन्ही बाजूंच्या चॅनेलमध्ये धूळ व जुने ग्रीस यांचा काळा चिकटा साचला होता. तो खरवडून काढला, रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि पातळ तेलाचा हात फिरवला. पुन्हा मोजले. आता वर ओढायला १५० न्यूटन पुरले. पण खाली ओढावे लागेचना! शटर आपणच खाली येऊ लागले. त्याला सावकाश उतरवण्यासाठी उलट ९० न्यूटन बलाने वर धरून ठेवावे लागले.

घर्षण = (१५० − ९०) ÷ २ = ३० न्यूटन
न तोललेले वजन = (१५० + ९०) ÷ २ = १२० न्यूटन

घर्षण १३० वरून ३० वर आले. न तोललेले वजन १२० चे १२०च राहिले. यातील धोका पाहा. सफाईपूर्वी शटर हात सोडल्यावरही अर्ध्यावर थांबत होते, म्हणून निर्धोक वाटत होते. खरे तर त्याला स्प्रिंगांनी धरले नव्हते, मळाने धरले होते! मळ काढताच शटर हलके झाले आणि त्याच क्षणी ते अंगावर येण्यासारखे झाले. टेकू दिला नसता तर ते कोणाच्या तरी पायावर आले असते.

१२० न्यूटन हा आकडाही बोलका आहे. अर्ध्यावर असताना शटरचा अर्धा भाग, म्हणजे सुमारे ३५३ न्यूटन वजन लोंबत असते. त्याचा तिसरा हिस्सा ११८ न्यूटन. या शटरला तीन सारख्या स्प्रिंगा होत्या. तेव्हा एक स्प्रिंग कामातून गेली असावी, असा आमचा तर्क झाला. दुपारी शटरचा मिस्त्री आला. त्याने डबा उघडला, तेव्हा मधली स्प्रिंग तुटलेली निघाली.

स्प्रिंग का तुटते?

एखादी तार पुन्हापुन्हा वाकवून सरळ करा. शेवटी ती तुटते. याला धातूला आलेला थकवा म्हणतात. दुकान दिवसातून दोनदा उघडले-मिटले आणि वर्षातून ३०० दिवस चालले, तर स्प्रिंगला वर्षाला ६०० वेळा पीळ बसतो व सुटतो. दहा वर्षांत ६,००० वेळा! पावसाळ्यात गंज चढला की त्याच्या बारीक खड्ड्यांतून तडा सुरू होतो.

उन्हाळ्यात लोखंड प्रसरण पावते म्हणून शटर अडकते, असे पुष्कळजण म्हणतात. ३ मीटरची पट्टी ५० अंश सेल्सियसने तापली तरी ती सुमारे १.८ मिलिमीटरच वाढते. चॅनेलमध्ये याहून पुष्कळ मोकळी जागा असते. खरा दोषी बहुधा धूळच.

आपण काय करावे, मिस्त्रीला केव्हा बोलवावे?

पुढील कामे घरच्या मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली आपण करू शकतो:
१. चॅनेल झाडून-पुसून स्वच्छ ठेवणे व पातळ तेल लावणे. जाड ग्रीस थापू नये. त्यावर धूळ बसते.
२. कुलपाच्या दांडीला तेल देणे, खालच्या पट्टीजवळची माती काढणे.
३. वर्षातून दोनदा तोल पाहणे. मोठ्या माणसाने शटर अर्ध्यावर आणून कडी हळूच सैल करावी. हात जवळच ठेवावा, खाली टेकू असावा. निरोगी शटर तेथेच थांबते. सफाईनंतर ही परीक्षा पुन्हा अवश्य करावी.

पुढील लक्षणे दिसली तर हात न लावता मिस्त्रीला बोलवावे:
१. शटर आपणच खाली येते, किंवा हात सोडताच झपाट्याने वर जाते. (दुसऱ्या प्रकारात पीळ जास्त झालेला असतो.)
२. वर डब्यात मोठा आवाज झाला आणि नंतर शटर एकदम जड झाले.
३. शटर तिरपे जाते, किंवा पट्ट्या बाजूला सरकून चॅनेलबाहेर येतात.
४. ब्रॅकेट हलते किंवा भिंतीतून सुटू लागले आहे.

शटर वर असताना स्प्रिंग तुटल्याची शंका आली तर ते खाली ओढू नये. त्याखालची ये-जा बंद करावी. सर्व स्प्रिंगा निकामी होऊन शटर सुटले, तर घर्षण सोडून दिल्यास ते तळाशी सेकंदाला जवळजवळ ५ मीटर वेगाने आदळते.

शटरला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर दोष शटरचा नसून विजेचा आहे. पाटीच्या दिव्याची वायर सोलवटून पत्र्याला लागली असेल. पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करवावा आणि वायरमनला बोलवावे.

आणि तो पाइपाचा नट? तो ढिला केला की पिळलेल्या स्प्रिंगा पाइपालाच गरकन फिरवतात आणि त्याला लावलेला पाना हातातून निसटून जोराने फिरतो. शटर खाली असताना हे परिबल सुमारे ७० न्यूटन-मीटर असते. मिस्त्री शटर पूर्ण वर नेतो, ते दोरीने बांधतो, मगच उरलेला पीळ हळूहळू सोडतो. पीळ सर्वांत कमी कोठे असतो हे त्याला सरावाने ठाऊक असते; तुम्हाला ते आता हूकच्या नियमावरून कळले आहे. पण कळणे आणि हाताला सराव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या मुलाला मी हेच सांगितले. मिस्त्री काम करत असताना तो दूर उभा राहून सारे पाहत होता.

विचार करा

१. एक शटर अर्ध्यावर असताना वर नेण्यास ७० न्यूटन व खाली ओढण्यास ५० न्यूटन लागतात. घर्षण किती? न तोललेले वजन किती? मिस्त्रीला बोलवाल की चॅनेल पुसाल?
२. शटर जितके गुंडाळले जाते तितकी गुंडाळीची त्रिज्या वाढते. याचा तोलावर काय परिणाम होईल?
३. पवनी तालुक्यात वैनगंगेवर बांधलेल्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. असे दरवाजे स्प्रिंगांनी तोलणे व्यवहार्य का नाही?